वाचा-उपचाराचे विद्यार्थी आमच्या तालुक्यात पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावातल्या दोन-चार आया दरवर्षी मला विचारतात, "बाई, तुमची पोरगी काय शिकून राह्यली?" मी सांगते, ज्या लेकरांना बोलता येत नाही आणि लकव्याने ज्यांची वाचा गेली, त्यांना बोलते करायचे शिक्षण आहे ते. समोरची थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहते आणि म्हणते, "बोलनं काय शिकवा लागते का बाई? थे तं लेकरू आपोआप शिकते." मी तिला नावे ठेवत नाही. आठ वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात २२ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी एम.एस्सी. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे शिक्षण कोणत्या शहरात, कोणाच्या भाषेत आणि कोणत्या लेकरांवर हात बसवून होते, याबद्दल मला काही सांगायचे आहे. पत्र लांबेल, पण कृपया कापू नये.

आधी माझ्या अंगणवाडीतल्या एका मुलाचे सांगते. आठ वर्षांपूर्वी तो तीन वर्षांचा होता. आईबाप मजुरीला जायचे, आजी त्याला आणून सोडायची. वजन, उंची, दंडाचा घेर, सगळे ठीक. वाढीच्या तक्त्यावर तो हिरव्या पट्ट्यात होता आणि त्या तक्त्यात बोलण्याचा रकाना नाही. तो बोलत नाही हे मला दिसत होते. पण आजी म्हणायची, "याचा बाप बी चार वर्सानं बोलला." ती वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावायची. कोणी म्हणे जीभ जड आहे, कोणी म्हणे जिभेखालचा पडदा कापून आणा. मी वाट पाहत राहिले. एक दिवस मदतनीसच्या हातून खिचडीचे पातेले फरशीवर पडले. अठरा लेकरे दचकली, दोन रडायला लागली. तो दाराशी बसून मातीत रेघोट्या ओढत होता, त्याचा हातसुद्धा थांबला नाही. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. सात महिने ते लेकरू रोज माझ्यासमोर बसत होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकातल्या डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी दिली. जिल्ह्याच्या ठिकाणी बेरा तपासणी झाली. लेकराला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून, कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचते ते बघतात. दोन्ही कान जवळजवळ बंद. मशीन मिळाले आणि दर आठवड्याला थेरपीला या म्हणून सांगितले.

मशीन कानाला लावले म्हणजे बोलणे आले, असे आम्हाला सगळ्यांनाच वाटले होते. तसे नसते. तीन वर्षे ज्याने आवाजच ऐकला नाही, त्याला आधी आवाज म्हणजे काय हे शिकावे लागते, मग कोणता आवाज कशाचा, मग शब्द. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधने देणारी योजना) पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचे यंत्र, मिळते, त्यातही असेच आहे. ऑपरेशन एका दिवसात उरकते, पण त्यानंतरची थेरपी वर्ष-दोन वर्षे चालते आणि तिच्यावरच सगळे अवलंबून असते.

त्याची आई पाच वेळा गेली. मी तारखा लिहून ठेवल्या होत्या. सहाव्या वेळी कापूस वेचणी लागली होती. एका खेपेला अख्खा दिवस जायचा, म्हणजे दिवसाची मजुरीही जायची. तेव्हा बायांना एस.टी.चे अर्धे तिकीटही नव्हते. तरी सातव्या आठवड्यात ती उसने पैसे घेऊन गेली, तर ज्यांच्याकडे जायचे त्या थेरपिस्ट नोकरी सोडून गेल्या होत्या. कंत्राटी पद होते. नवीन कोणी आले की फोन करू, असे सांगितले. मशीन कितीतरी दिवस पोळ्यांच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेले मी पाहिले. आज तो मुलगा मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत आहे. हुशार आहे, हातांनी भराभर बोलतो. सुट्टीत घरी आला की आईला त्याचे हात कळत नाहीत. ती नुसती त्याच्याकडे पाहत बसते.

माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. त्या बाईसोबत दोन खेपांना तीच गेली होती, कारण आईला चिठ्ठी वाचता येत नव्हती. बारावी सायन्स झाल्यावर घरचे नर्सिंगचे म्हणत होते, ती म्हणाली मला बी.ए.एस.एल.पी., म्हणजे वाचा आणि श्रवणाची पदवी, करायची आहे. गावात अजूनही लोकांना ते बी.ए. वाटते. चार वर्षांची पदवी आहे, शेवटचे वर्ष इंटर्नशिप. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हे काम करता येत नाही, परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी., चार सत्रे आणि एक प्रबंध. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ सालची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. ही नावे मुंबई-पुण्याच्या मुलांना अकरावीतच ठाऊक असतात. माझ्या मुलीला बारावीनंतर एका नातेवाइकाने मोबाइलवर शोधून दिली.

आता मुख्य गोष्ट. तिचे कॉलेज मोठ्या शहरात आहे, नाव लिहीत नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तिच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा आला. आईबाप वाशीमकडचे, शहरात बांधकामावर. चित्राचे कार्ड दाखवायचे आणि लेकरू जे म्हणेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, ही तपासणीची पद्धत. विद्यार्थी आत बसतात आणि मॅडम काचेपलीकडून बघत स्वतंत्र कागदावर लिहितात. कावळ्याचे कार्ड आले. मुलगा म्हणाला, "तावया."

मॅडमनी दोन चुका लिहिल्या: 'क'चा 'त' झाला आणि 'ळ'चा 'य' झाला. माझ्या मुलीच्या कागदावर एकच चूक होती. मॅडमनी विचारले, दुसरी कशी सुटली? ती म्हणाली, मॅडम, याच्या आईला आत बोलावू या. आईला तेच कार्ड दाखवले. आई म्हणाली, "कावया." डोळ्याचे दाखवले, "डोया." फळाचे दाखवले, "फय." मॅडमनी काही न बोलता आपल्या कागदावरची दुसरी चूक खोडली.

त्या मॅडम चांगल्या आहेत. मुलगी त्यांच्याबद्दल नेहमी आदराने बोलते, आणि त्या दिवसानंतर त्यांनी सगळ्या वर्गाला ही गोष्ट सांगितली. पण त्या स्वतः शिकल्या तेव्हा त्यांना वऱ्हाडी घरात कोणी पाठवले नव्हते. आमच्याकडे 'ळ' बहुतेक घरात 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. ही जीभ वळत नाही म्हणून नाही. आमची बोलीच तशी आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्या मुलाचा खरा दोष होता 'क'चा 'त': काकीला ताती, कापसाला तापूस. सहाव्या वर्षी ते राहायला नको आणि त्यावर काम करायलाच हवे. पण माझ्या मुलीच्या जागी दुसरी कोणी असती, तर थेरपीचा अर्धा वेळ जीभ मागे वळवून 'ळ' काढण्यात गेला असता. तो शिकलाही असता. आणि गावी गेल्यावर आजी म्हणाली असती, "हा काऊन असा बोलते?" आपल्या घरचे बोलणे म्हणजे बिमारी, एवढे मात्र ते लेकरू पक्के शिकले असते.

मुलीने मला सांगितले की अमेरिकेत या व्यवसायाची जी संघटना आहे, ॲशा, तिने १९८३ सालीच जाहीर केले की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचेचा किंवा भाषेचा आजार नाही. तिथे या संघटनेचे प्रमाणपत्र हवे तर पदव्युत्तर शिक्षण लागते आणि त्यात ४०० तासांचे देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम धरलेले असते. तास आपल्याकडेही भरतातच, पोरी दमून जातात इतके भरतात. पण ते शहरातल्या क्लिनिकमध्ये, जो रुग्ण तिथपर्यंत पोचू शकला त्याच्यावर भरतात. जो पोचत नाही त्याचे बोलणे कोणी ऐकलेलेच नसते, मग तपासणीचे कार्ड त्याच्या मापाचे कसे होणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती आठ दिवस घरी होती. प्रबंधाच्या विषयाची चाचपणी म्हणून तिने माझ्या अंगणवाडीत बसून लेकरांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड केले, आईबापांच्या सह्या घेऊन. मी शेजारी बसून पाहत होते. समुद्राचे कार्ड आले. चार वर्षांच्या पोरीने नीट पाहिले आणि ठामपणे म्हणाली, "तयं." छापील उत्तर होते समुद्र. या पोरीने समुद्र पाहिलेला नाही, तिने गावामागचे तळे पाहिले आहे आणि पाणी दिसल्यावर बरोबर शब्द काढला आहे. मुलीने त्यापुढे बरोबरची खूण केली. मग जवळच्या कोलाम पोडावरची (आदिवासी वस्तीवरची) एक लेकरी बसली. अकरा कार्डे झाली, एक शब्द नाही. डोळे मात्र प्रत्येक चित्रावर फिरत होते. तिची मोठी बहीण दारात उभी होती, तिला आत घेतले आणि तिने कोलामीत विचारले. पोरीने एकामागून एक नावे सांगितली, शेवटी तर बहिणीच्या आधीच सांगायला लागली. कोलामी ही गोंडी-तेलुगूच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. मेळघाटातली कोरकू आणखी तिसऱ्याच कुळातली. ही पोरगी शहरात तपासायला नेली असती तर तिच्या कागदावर काय लिहून आले असते, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरे सांगायचे ते माझ्या सासऱ्यांचे, आबाजींचे. त्यांना मागच्या जानेवारीत लकवा झाला, उजवी बाजू गेली. बारा दिवस दवाखान्यात होते. घरी आणले तेव्हा तोंडातून एकच शब्द निघायचा, "बाप्पा." पाणी हवे तरी बाप्पा, कूस बदलायची तरी बाप्पा, रडू आले तरी बाप्पा. त्यांना सगळे कळत होते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचे. माझ्या मुलीने फोनवर सांगितले की १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे असाच एक रुग्ण आला होता, तो फक्त 'तान' एवढेच म्हणायचा. त्याच्या मेंदूवरून डॉक्टरांना कळले की बोलण्याची जागा डाव्या बाजूला, पुढे असते. आबाजींना वेड लागलेले नाही, त्यांचे शब्द अडकले आहेत. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगताना मला त्या एका फोनचा फार आधार वाटला.

पण बोलण्याआधी गिळणे होते. पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा आणि चेहरा लाल व्हायचा. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर सगळ्या गोळ्यांच्या वेळा होत्या, पण जेवू कसे घालावे यावर एक ओळ नव्हती. गिळण्याचे काम वाचा-उपचारवालेच बघतात हेच आम्हाला माहीत नव्हते. गिळताना अन्न-पाणी श्वासनळीत गेले की न्यूमोनिया होतो आणि लकव्याची कितीतरी माणसे लकव्याने नाही, त्या न्यूमोनियाने जातात. मुलीने आधी तिच्या मॅडमना विचारले, मॅडमनी व्हिडिओ कॉलवर आबाजींना गिळताना पाहिले, मग सांगितले: पूर्ण उठवून बसवा, हनुवटी छातीकडे, लहान चमचा, एक घास खाली गेल्यावरच दुसरा, खाताना कोणी बोलायचे नाही, जेवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. पातळ पाणी सध्या नको, घट्ट चालेल. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या असतातच. त्या घट्ट शिजवून, मोडून, चमच्याने दिल्या आणि पहिल्यांदा ते ठसका न लागता जेवले. मी भिंतीला टेकून रडले.

संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. आबाजी पन्नास वर्षे तिला जात होते. एक दिवस आम्ही त्यांची खाट दारात आणली. पलीकडून प्रार्थनेचा आवाज आला आणि हा माणूस, ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, शब्दांसकट म्हणायला लागला. माझ्या नवऱ्याला वाटले, वाचा आली. प्रार्थना संपली, त्याने विचारले, "बाबा, पानी पाह्यजे का?" उत्तर आले, "बाप्पा." मुलीने समजावले: गाणे मेंदूच्या उजव्या बाजूच्या मदतीने होते, आणि शरीराची उजवी बाजू गेली तरी मेंदूची उजवी बाजू चांगली आहे, तिच्याच आधाराने आत शिरायचे. मग रोज सकाळी त्यांचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, मांडीवर ठेका द्यायचा आणि 'पा–नी' दोन सुरांत म्हणायचे. आधी सोबत, मग अर्धे आपण अर्धे त्यांनी. साडेसात आठवडे लागले. एका दुपारी कोणी काही न विचारता ते म्हणाले, "पानी." पाणी नाही म्हणाले, पानीच म्हणाले. तेच त्यांचे बोलणे आहे.

आमच्या नशिबाने घरातच शिकणारी मुलगी होती. या तालुक्यात लकवा झालेली, खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन तोंडात तीन बोटेही जात नाहीत अशी, जबड्याचे किंवा घशाचे ऑपरेशन करून आवाज गेलेली किती माणसे खाटेवर पडून आहेत ते आशाताईंना विचारा. घरोघरी जातात त्या. त्यांच्यासाठी कोण येणार?

म्हणून माझी मागणी आहे. एमबीबीएसच्या इंटर्नना खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर पाठवतात. मग एम.एस्सी. वाचा-उपचाराच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन महिने आमच्याकडे का पाठवू नये? जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रात वाचा-उपचाराचे पद बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आराखड्यातच आहे. ते कायमचे भरा, कंत्राटावर नको, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारे जबाबदार माणूस तिथे असेल. विद्यार्थी एकटे सोडू नयेत, ते मलाही मान्य नाही, त्यांच्यावर देखरेख लागतेच. ते जिल्ह्याला राहतील आणि आठवड्यातले दोन दिवस तालुक्याला येतील. एक तुकडी गेली की दुसरी येईल, म्हणजे सातव्या आठवड्याला कोणत्याही आईला बंद दार दिसणार नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने यावर विचार करावा आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी या तीन महिन्यांचे तास प्रत्यक्ष कामात धरावेत, नाहीतर पोरी यायला तयार होणार नाहीत. त्यांना राहायला सुरक्षित खोली आणि हाती विद्यावेतन हवे. माझ्या मुलीची फी बचत गटाचे कर्ज काढून भरली आहे, म्हणून हे आवर्जून लिहिते.

इथे आल्यावर त्यांनी पहिला आठवडा उपचार करू नये, नुसते ऐकावे. वावरात, पाणवठ्यावर, पोडावर. कोणते लेकरू आईसारखे बोलते आणि कोणते खरेच अडले आहे, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि जाताना आम्हा सेविकांना दोन दिवस शिकवून जावे. कोणत्या महिन्यात लेकराने काय ऐकायला, काय बोलायला हवे, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर पातेले पडायची वाट पाहावी लागली नसती.

आमच्या अंगणवाडीला लागून ग्रामपंचायतीची एक खोली रिकामी आहे. मी सरपंचांशी बोलले आहे, ते द्यायला तयार आहेत. वीज आहे, पंखा आहे, रस्त्यापासून लांब असल्याने आवाज येत नाही, रेकॉर्डिंगला बरे पडेल असे मुलगी म्हणाली. बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांतल्या आणि पोडांवरच्या बाया लेकरे घेऊन येतातच, त्यांची वेगळी मजुरी बुडत नाही. विद्यार्थी पाठवायचे ठरले तर गुरुवारी पाठवावेत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)